खुशालरावांचे कान

४ जानेवारी २०२५, अमरावती

कापसाच्या जिनिंगवाल्यांनी निवृत्तीच्या निरोपाला शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल माझ्या बायकोने, शालूने, तिच्या बहिणीला देऊन टाकली, नारळाची चटणी झाली, डायरी उरली. एकतीस वर्षं फोरमनकी केल्याचं हे फळ. मालकाचा मुलगा भाषणात म्हणाला, खुशालरावांचे कान म्हणजे आपल्या कारखान्याचं मीटर. एवढं एक मात्र त्याने खरं सांगितलं. छत्तीस जिन एकदम धडधडत असताना अकरा नंबरचं पातं ढिलं आहे हे मी दारात उभा राहून सांगायचो. तोवर तेल घालणारा पुंजाजी त्या मशीनजवळ जाऊन उभासुद्धा राहिलेला असायचा, इतका तो माझ्या हाताखाली तयार झाला होता. मध्यंतरी कुणी साहेब येऊन सगळ्यांना कानात घालायचे रबरी बोळे वाटून गेला. मी माझे पेटीत टाकले. कान बुजवून फोरमनकी होत नाही.

आता एकच हौस राहिली आहे. हॉलमध्ये होम थिएटर. समोर दोन उभे स्पीकर, मध्ये एक, मागे दोन. बजेट ऐंशी हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. शालूला सांगितलं तर म्हणाली, "आहे त्या टीव्हीचा आवाज तुमाले कमी पडते का जी?" लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि अजून बाईला आवाज आणि नाद यातला फरक कळत नाही. मी नुसता हसलो.

११ जानेवारी

विद्यापीठाकडे राहणारे एक निवृत्त प्राध्यापक मुलाकडे बंगलोरला चालले आहेत. त्यांचे पाचही स्पीकर चोवीस हजारांत घेतले. समोरचे दोन माझ्या छातीला लागतात. प्राध्यापक भला माणूस, पण पुटपुट्या. तीनदा विचारलं तेव्हा कळलं की हे स्पीकर चार ओहमचे आहेत, म्हणजे खादाड. साधा रिसीव्हर त्यांना पोसू शकत नाही, तापतो आणि बंद पडतो.

आठवडाभर याच अभ्यासात आहे. रिसीव्हर म्हणजे घरचा कारभारी. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते तो ठरवतो आणि ताकदही तोच पुरवतो. डब्यावर लिहितात दीडशे वॅट. बारीक अक्षरं वाचली तर ते एकच स्पीकर चालवल्यावरचे. पाचही चालवले की चाळीसवर येतो. पंगतीत पहिल्या पाहुण्याला पाच पुऱ्या आणि बाकीच्यांना एकेक, तसला प्रकार. शिवाय बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडायची सोय असलेला नवा रिसीव्हर एकटाच पंचाहत्तर हजार खातो.

म्हणून माझा बेत असा. रिसीव्हर जुना पण दमदार घ्यायचा, ज्याला अशी सोय आहे. मधला आणि मागचे दोन तो चालवेल. समोरच्या दोन खादाडांसाठी वेगळा ॲम्प्लिफायर, हाताने बनवलेला. बेत 'वऱ्हाड ध्वनी मंडळ' या आमच्या ग्रुपवर टाकला. तीनशे चाळीस माणसं आहेत, त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत. वरूडचे संत्र्याचे व्यापारी जानराव यांनी लिहिलं, "खुशालरावजी बोलले म्हणजे विषय संपला." बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून एवढं कुणी मानानं बोललं नव्हतं.

१९ जानेवारी

रिसीव्हर आला. जपानी, सात वर्षांचा, एकतीस हजार. दुकानातला विक्रेता तोंडातल्या तोंडात बोलत होता. हल्ली सगळे तसेच बोलतात. बँकेत तसेच, एसटीच्या खिडकीवर तसेच. शिकलेल्या पिढीला जीभ उचलायचा कंटाळा. मी त्याला स्पष्ट म्हटलं, "बोलायचं असन त तोंड उघडून बोल, नाई त राहू दे." मुलगी दामिनी सोबत होती. ती पोस्टात आहे, दिवसभर लोकांशीच बोलते, पण दुकानातून निघताना तिचं तोंड लाल झालं होतं. बापाच्या बाजूने उभं राहायची लाज वाटते या मुलांना.

२६ जानेवारी

अकोल्याला जाऊन आलो. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, एका गल्लीत धम्मदीप नावाच्या मुलाचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. तिशीचा असेल. ग्रुपवर त्याच्या ॲम्प्लिफायरची हवा आहे म्हणून गेलो.

"बसा काकाजी," म्हणाला. "हे पाहा, ट्रान्सफॉर्मर मी सोता गुंडाळतो. अठरा किलो वजन हाये. कंपनीवाले इथंच हात राखतेत."

वजन उचलून पाहिलं. खोटं बोलत नव्हता. मशीन लावलं, मी दोन फुटांवर खुर्ची घेऊन बसलो. दम चांगला आहे. ढोलकीची थाप छातीत बसते. त्याने चहा सांगितला. मी म्हटलं, बाहेरचा चहा मी घेत नाही. त्याने आपला कपही बाजूला ठेवला. पुढे पुलाजवळच्या टपरीवर घेतला मी, तलफ आली होती.

मग म्हणाला, "काकाजी, जानरावजीनं आठ मशीनीचं सांगतलं हाये. वरूडले मंगल कार्यालय बांधून राहिले ते. पन ते म्हनतात, आधी खुशालरावजीकडून मशीन पास होऊ दे. त्या भरोशावर मी मोबाइलच्या दुकानातली नोकरी सोडली. आता सारं तुमच्या कानावर हाये."

हे ऐकून मला हसू आलं. म्हटलं, "माह्या कानाची काळजी करू नोको. तू तुह्या मशीनीची कर." बावीस हजार ठरले. एकूण सत्त्याहत्तर हजार झाले. बजेटात बसवणं याला म्हणतात.

४ फेब्रुवारी

आज सगळं जोडलं आणि माझी निराशा झाली. धम्मदीप मशीन घेऊन स्वतः आला होता. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो खुर्चीवर ठेवायचा, मग रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून शिट्ट्या वाजवून स्वतःच मोजमाप करतो. माइकने सगळं बरोबर दाखवलं. धम्मदीप खूश. मी सिनेमा लावला. घोडे, तोफा, ढग सगळं दणदणीत. पण माणसं बोलायला लागली की गोणपाटाआडून बोलल्यासारखी. झांजा कुठे आहेत? पैंजण कुठे आहेत? नटी चालते, पायात चाळ दिसतात आणि आवाज नाही. बारीक आवाज या मशीनमध्ये शिरतच नाही.

धम्मदीप म्हणाला, "मले त येऊन राहिला ना आवाज, काकाजी."

"तुले येईनच. तूच बनवलं ते."

बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे थोडं समाधान झालं. शालूने मात्र कानात कापूस घातला. थंडी फार आहे म्हणे.

९ फेब्रुवारी

शेजारचे नत्थुजी येऊन गेले. हातवारे करत काही सांगत होते. म्हणे त्यांच्या घरातली ताटं वाजतात. ज्याच्या घरी साधा रेडिओ नाही त्याला पोटदुखी होणारच. मी त्यांना बसवून दहा मिनिटं लढाईचा सीन ऐकवला. मध्येच उठून गेले.

दामिनी फोनवर मावशीशी बोलत होती. मी मागून गेलो तेव्हा एवढंच कानावर पडलं, "बाबा ऐकतच नाहीत." नाहीच ऐकत. बाप कधीपासून पोरीचं ऐकायला लागला? उलट तीच ऐकत नाही. दोन स्थळं तिने पाहायच्या आधी मोडली. मी मुद्दाम आवाज दोन आकडे वाढवला.

१६ फेब्रुवारी

धम्मदीपने मशीन अकोल्याला नेऊन परत आणलं. आत सुटे भाग बदलले म्हणतो, चांगले, महागाचे, स्वतःच्या खिशातून. लावलं. तेच. म्हणजे मला काय समजतो तो? एकतीस वर्षं ज्याने कानावर कारखाना चालवला त्याला?

मी म्हटलं, "झांज वाजते का यात? खरं सांग."

"वाजते, काकाजी."

"मंग मले काहून येत नाई?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. शालू आतून म्हणाली, जेवून जा बाबू. मी म्हटलं, त्याची बस आहे. त्याने मशीन पुन्हा उचललं आणि गेला.

२३ फेब्रुवारी

ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं: "अकोल्याच्या धम्मदीपचं मशीन. वजन आहे, दम आहे, पण बारीक आवाज खातं. माझ्या कानांना फसवता येत नाही." तासाभरात साठ जणांनी अंगठे दिले. जानरावांचा फोन आला. म्हणाले, ॲडव्हान्स थांबवून ठेवतो, तुमी सांगान तसं. माझ्या एका वाक्यावर वरूडचा बाजार थांबतो, याची शालूला काही किंमत आहे? तिला सांगितलं तर म्हणाली, "त्या पोराच्या पोटावर काहून पाय देता?" मी सांगितलं, पाय नाही देत, परीक्षा घेतो.

२ मार्च, रविवार

आज निकाल लागला. सविस्तर लिहून ठेवतो, कारण असा दिवस रोज येत नाही.

धम्मदीप सकाळच्या गाडीने मशीन घेऊन आला. चेहरा उतरलेला. त्याने शेवटची विनंती केली. म्हणाला, "काकाजी, मी फोनमधून मशीनीवर एकेक सूर वाजवतो. जाड्यापासून बारीकपर्यंत. जो नाई आला तिथं सांगा. तिथं मशीन नापास. मी मानतो." मला पद्धत आवडली. जिनिंगमध्ये आम्ही असंच करायचो, एकेक मशीन बंद करत जायचं आणि दोष कुठे आहे ते पकडायचं.

शालू आणि दामिनीलाही त्याने बसायला सांगितलं. मी डोळे मिटले. खरा ऐकणारा डोळे मिटून ऐकतो. पहिला सूर भुंग्यासारखा, आला. हात वर केला. दुसरा, आला. तिसरा, जरा बारीक, तोही आला. चौथा कुठेतरी लांब, आहे की नाही असा. मग काहीच नाही. मी वाट पाहिली. बराच वेळ काहीच नाही.

"लाव ना पुढचा," मी म्हटलं.

डोळे उघडले. शालूने पदराने दोन्ही कान दाबून धरले होते. गेला महिनाभर तिचं डोकं दुखतंय. दामिनी खाली मान घालून बसलेली. धम्मदीप फोन हातात धरून माझ्याकडे पाहत होता. तिघांचे चेहरे चोरी पकडली गेल्यावर होतात तसे.

"कोनता सूर वाजवून राहिला तू?" मी विचारलं. "मशीन त मेलं तुह्यं."

दामिनी म्हणाली, "बाबा, सूर चालू..." आणि धम्मदीपने हात वर करून तिला थांबवलं. उद्धटपणा बघा, माझ्या घरात बसून माझ्या पोरीला गप्प करतो. मग त्याने फोनवर बोट दाबलं, माझ्या जवळ येऊन उभा राहिला आणि चांगलं मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला:

"काकाजी, तुमचं बरोबर हाये. माह्या मशीनीतच दोष हाये. मले समजला नाई. माफ करा."

तोंड उघडून बोलता येतं म्हणजे यांना, चूक कबूल करताना.

त्याने पिशवीतून बावीस हजार काढून टेबलावर ठेवले. मी मोजून घेतले. शालूने मला न विचारता त्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला, पोहे दिले. तो खात असताना ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. हरलेल्याचा एवढा पुळका. दामिनीने मशीनचं एक टोक धरलं आणि दोघं जिना उतरले. वर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. मला म्हणाली, "किती चांगला माणूस आहे तो, बाबा." मी म्हटलं, चांगला असेल, पण कारागीर कच्चा.

३ मार्च

ग्रुपवर लिहिलं: "धम्मदीपने काल माझ्या घरी, माझ्या कुटुंबासमोर, मशीनमध्ये दोष असल्याचं स्वतः कबूल केलं आणि पैसे परत दिले. प्रामाणिकपणाबद्दल त्याचं कौतुक, पण सभासदांनी सावध राहावं." कौतुक मुद्दाम घातलं. उगाच कुणी म्हणायला नको की खुशालराव दुष्ट आहे.

दुपारी जानरावांनी त्याची ऑर्डर काढून घेतली. आता नागपूरच्या मोठ्या दुकानाकडे बोलणी चालू आहेत. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी धम्मदीपकडची मशीनं परत पाठवतो म्हणून लिहिलं. दामिनीने माझा फोन माझ्या हातातून घेऊन ते सगळं वाचलं. जेवली नाही. मला वाटलं होतं पोरीला बापाचा अभिमान वाटेल.

धम्मदीपने ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. काय लिहिणार?

१२ मार्च

इथल्या दुकानातून कंपनीचा ॲम्प्लिफायर चार दिवस पारखायला आणला. सव्वा लाखाचा आहे, घेणार नव्हतोच, पण फरक कळावा. लावला. झांज नाही. पैंजण नाही. बायका बोलतात त्या गोणपाटाआडूनच.

मला वाटलं, मग स्पीकरच खोटे. प्राध्यापकाने बनवलं. त्याला फोन लावायला उठलो तर दामिनी समोर आली. शालूच्या कानात अजून कापूस होता. मार्चात कसली थंडी, पण बायकांना समजावणार कोण. दामिनीने माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं, माझ्या तोंडासमोर आपलं तोंड आणलं आणि ओरडली:

"बाबा, मशीन चांगली होती! तुमाले ऐकू येत नाई! त्या दिवशी सूर वाजून राहिला होता, आमचे कान फाटून राहिले होते, आन तुमी म्हनता मशीन मेली!"

मी विचारलं, "मंग त्यानं कबूल काहून केलं?"

"तुमची लाज राखली त्यानं! आमच्यासमोर!"

मी तिला म्हटलं, तू त्याला सामील आहेस. आणखीही काही म्हटलं, ते लिहीत नाही. शालूने उठून टीव्ही बंद केला.

२० मार्च

शेवटी गेलो. राजकमल चौकाकडच्या एका कानाच्या दवाखान्यात, दामिनीसोबत. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी पुष्कळ वेळा दाबलं. अंदाजाने सुद्धा दाबलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. रेघ डावीकडून बरी चालते आणि मध्यापुढे विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. दोन्ही कानांची. त्यांनी विचारलं, काम काय करत होता? जिनिंग म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाल्या, हे आजचं नाही, दहा-बारा वर्षं झाली असतील.

दहा-बारा वर्षं. म्हणजे मी नोकरीत असतानाच. घरी येताना दामिनीच्या स्कूटीवर मागे बसलो होतो आणि पुंजाजी आठवला. मी दारात पोचायच्या आधीच तो नेमका त्या मशीनजवळ उभा असायचा, माझ्याकडे पाहत. मी तो विचार तिथेच सोडला.

मला भीती वाटते आहे. हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण ही डायरी कुणी वाचत नाही.

३ एप्रिल

कानाची यंत्रं आली. दोन, कानामागे बसतात, केसांत दिसत नाहीत. धम्मदीपने परत केलेले बावीस हजार तसेच ठेवले होते, त्यात दामिनीने भर घातली.

घरात एवढे आवाज आहेत हे मला माहीत नव्हतं. पंखा कुरकुरतो. शालूच्या बांगड्या वाजतात, पिशवी चुरचुरते, नत्थुजींची सून मुलाला रागावते तो शब्दन् शब्द येतो. शालू बोलली तेव्हा मी दचकलो. तिचा आवाज म्हातारा झाला आहे. कधी झाला?

मग मी होम थिएटर लावलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. कुणी पत्र्यावर खिळा ओढतो आहे असा आवाज. फेब्रुवारीपासून बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. दोन महिने हे घर आणि शेजार या आवाजात राहिला. बटण मधोमध आणलं. झांज आली. पैंजण आलं. नटी चालत होती आणि चाळ वाजत होते.

समोरचे दोन खादाड बंद ठेवून एकट्या जुन्या रिसीव्हरवर एवढं येतं, तर त्या अठरा किलोच्या मशीनवर काय आलं असतं. मुलाचं मशीन चोख होतं. हे मी इथे लिहितो आहे, म्हणजे मी मान्य केलं आहे.

ग्रुपवर लिहायला बसलो. काय लिहू? 'माझ्या कानांना फसवता येत नाही' या वाक्याला साठ जणांनी अंगठे दिले आहेत. तीनशे चाळीस माणसं. खुशालराव बहिरा निघाला, असं ते अकोल्यापासून वरूडपर्यंत सांगतील. जिनिंगमध्येही कळेल. मालकाच्या पोराला भाषणात नवीन वाक्य मिळेल. थोडे दिवस जाऊ द्यावेत, विषय थंड झाला की सावकाश लिहिता येईल.

८ एप्रिल

सकाळी अकरा वाजता जानरावांचा फोन. यंत्रामुळे फोन असा स्वच्छ येतो की त्यांच्या मागे पेट्यांवर खिळे ठोकण्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"खुशालरावजी, तो अकोल्याचा पोरगा काल वरूडले आला होता. बसमधी मशीन घेऊन. म्हने नोकरी त गेलीच, आता दुकानही खाली करून राहिलो, पन त्याच्या आधी एक खेप ऐकून त पाहा. मले काई समजत नाई त्यातलं. आवाज त मले चांगला वाटला. म्हून विचारून राहिलो. मी त्याले म्हटलं, अरे तूच खुशालरावजीपाशी कबूल केलं होतं ना? त चूप बसला. बोल्लाच नाई काई."

बोलला नाही. वरूडच्या त्या गोदामात, मशीन पायाशी ठेवून, त्याने माझं नाव झाकलं.

जानराव म्हणाले, "नागपूरवाला दुप्पट मांगून राहिला. तुमी एक शब्द म्हना, त्या पोरालेच देतो. नाई त आज नागपूरले पैसे पाठवतो. बोला."

प्रश्न सरळ होता. मला पूर्ण ऐकू आला. जानरावांना सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर कान सांगावे लागले असते. आणि जानरावांच्या पोटात गोष्ट राहत नाही, ते ग्रुपवर लिहितात.

मी म्हटलं, "त्यानं सोता कबूल केलं होतं, जानरावजी. माह्या घरात बसून, माह्या बायको-पोरीसमोर. मी आनखी काय सांगू?"

"बरं. समजलं," म्हणाले आणि फोन ठेवला.

यात खोटं काहीच नाही. त्याने कबूल केलं होतं. मी तोंडाने त्याच्या मशीनला आज वाईट म्हटलेलं नाही.

शालू पलीकडे जमिनीवर बसून गहू निवडत होती. दामिनी पोस्टात गेलेली. शालूने ताट बाजूला सरकवलं. मान वर केली नाही, आवाज चढवला नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "तवा तुमच्या कानाचा दोष होता जी. आज कोनाचा हाये?"

मी टीव्हीकडे पाहत राहिलो. टीव्ही बंद होता. तिने तेच पुन्हा विचारलं, तेच शब्द. मी हललो नाही. मग ती ताट घेऊन उठली आणि आत गेली. यंत्राची बॅटरी उतरली असेल, असं तिला वाटलं असावं.